‘मोल्टन’ या इंग्रजी शब्दाला मराठीत काय म्हणावे?

धागा

ज्वालामुखी, काच आणि धातुकाम यांविषयीच्या एका इंग्रजी लेखमालेचे मराठी भाषांतर मी सध्या करीत आहे आणि ‘मोल्टन’ या एका विशेषणाने मला गेले काही दिवस अडवून धरले आहे. त्याचा सरळ अर्थ ‘वितळलेला’ असा आहे, हे मला ठाऊक आहे. अडचण अशी की ‘मेल्टेड’ याचाही अर्थ ‘वितळलेला’ असाच होतो, पण इंग्रजी वाचक हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सहसा वापरीत नाही. लोखंड, शिसे, काच, खडक यांच्यामागे तो ‘मोल्टन’ लावतो आणि बर्फ, हिम, लोणी यांच्यामागे ‘मेल्टेड’. ‘मोल्टन आइस’ असे कोणी लिहिले, तर त्याला ते तत्काळ खटकते.

एवढ्यापुरतेच असते, तर मी दोन्हींना ‘वितळलेला’ म्हणून पुढे गेलो असतो. परंतु एकाच लेखात दोन वाक्ये अशी आली की मला थांबावे लागले. पहिल्या वाक्यात एका आगीनंतर खिडक्यांच्या काचेचे गोळे राखेत पडलेले दिसतात. तिथे ‘मेल्टेड ग्लास’ आहे. दुसऱ्या वाक्यात कारखान्यातील भट्टीतून काच संथपणे पुढे वाहत येते. तिथे ‘मोल्टन ग्लास’ आहे. मी दोन्हीकडे ‘वितळलेली काच’ असे लिहिले आणि दुसऱ्या दिवशी मसुदा वाचताना लक्षात आले की पहिली काच थंड आणि कठीण आहे, हातात उचलून घेता येईल अशी आहे, तर दुसरी लालभडक आणि वाहती आहे. मूळ लेखकाने एका अक्षरानेही न सांगता केवळ विशेषणाच्या निवडीतून दाखवलेला हा भेद माझ्या भाषांतरात पूर्णपणे पुसला गेला होता.

‘मोल्टन’ हा शब्द नेमके काय सांगतो, आणि ते सांगणारा शब्द मराठीत आधीपासून आहे की तो घडवावा लागेल, हे मला जाणून घ्यायचे आहे. ‘तप्त द्रवरूप अवस्थेतील’ अशी लांबलचक रचना मला नको आहे. परिभाषेच्या यादीत ती शोभेल, पण ओघात वाचल्या जाणाऱ्या गद्यात नाही.

प्रतिसाद १

आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इंग्रजीच्या इतिहासात आहे, म्हणून आधी तिकडून सुरुवात करतो.

आज ‘मेल्ट’ या क्रियापदाचे भूतकाळवाचक रूप ‘मेल्टेड’ असे शेवटी ‘एड’ लावून होते. जुन्या इंग्रजीत मात्र ‘वितळणे’ या अकर्मक अर्थाचे क्रियापद ‘ड्रिंक, ड्रँक, ड्रंक’ याप्रमाणे आतला स्वर बदलून चालत असे, आणि ‘मोल्टन’ हे त्याचेच भूतकाळवाचक धातुसाधित होते. ‘वितळवणे’ या सकर्मक अर्थाचे, ‘एड’सारखा प्रत्यय घेणारे क्रियापद त्याहून वेगळे होते. मध्ययुगीन इंग्रजीत ही दोन क्रियापदे एकमेकांत मिसळली आणि सोप्या, नियमित रूपाने क्रियापदाची जागा बळकावली. ‘मोल्टन’ क्रियापदातून बाहेर पडले, पण नाहीसे झाले नाही. ते विशेषण म्हणून टिकले. म्हणूनच आज ‘द आयर्न हॅज मेल्टेड’ हे शुद्ध आहे आणि ‘द आयर्न हॅज मोल्टन’ हे अशुद्ध आहे, परंतु ‘द आयर्न इज मोल्टन’ हे पुन्हा शुद्ध आहे. पहिल्या वाक्यात घडलेली क्रिया सांगितली आहे आणि तिसऱ्यात आत्ताची अवस्था.

असे निवृत्त झालेले आणि विशेषण बनून राहिलेले शब्द इंग्रजीत आणखीही आहेत. जहाज बुडाले हे सांगताना ‘संक’ येते, पण तळाशी पडून असलेल्या जहाजाला ‘संकन’ म्हणतात. ‘श्रिंक’पासून आलेले ‘श्रंकन’ आणि नामापूर्वी येणारे ‘ड्रंकन’ हीसुद्धा याच घरातली. ‘वर्क’ या क्रियापदाचे जुने रूप ‘रॉट’ आज एकट्यादुकट्याने फारसे भेटत नाही, परंतु ‘रॉट आयर्न’ म्हणजे घडीव लोखंड, यात ते जिवंत आहे. या सर्वांत एक समान गोष्ट मला दिसते: नवे रूप घटना सांगते आणि जुने रूप त्या घटनेतून उरलेली स्थिती सांगते. इंग्रजीची बहीण असलेल्या जर्मन भाषेत ही फाटाफूट झालीच नाही. तिथे जुने ‘गेश्मोल्त्सेन’ हेच रूप क्रियापदातही टिकले आणि ते लोखंडालाही चालते व लोण्यालाही चालते. म्हणजे हा भेद निसर्गात नाही, तो एका भाषेच्या वाटचालीतून पडलेला आहे, आणि म्हणून मराठीत त्याला आयता जोडीदार सापडेलच अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

आपल्या काचेच्या उदाहरणाने तर मला फार आनंद झाला, कारण या दोन शब्दांतील खरा फरक त्यात उघडा पडतो. पुष्कळ लोक हा फरक केवळ तापमानाचा समजतात. तो काळाचा आहे. ‘मोल्टन’ वस्तू आत्ता, या क्षणी, उष्णतेमुळे द्रव असावी लागते. ‘मेल्टेड’ वस्तू कधीतरी वितळली एवढेच आपल्याला कळते. ती आता द्रव असेल किंवा पुन्हा गोठून दगडासारखी झाली असेल. फुकुशिमाच्या अणुभट्ट्यांमध्ये मार्च २०११ मध्ये वितळलेले इंधन आज घट्ट झालेल्या ढिगाऱ्याच्या रूपात आहे. त्याविषयी लिहिताना इंग्रजीत ‘मेल्टेड फ्युएल’ असे म्हणतात आणि ते अचूक आहे. त्याला आज ‘मोल्टन’ म्हटले, तर ते अजूनही वाहते आहे असा अर्थ होईल.

प्रतिसाद २

मी ओतकामाच्या व्यवसायात बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे भट्टीजवळ उभे राहणाऱ्या माणसाच्या शब्दांबद्दल लिहितो.

आपण जो शब्द घडवायला निघाला आहात, तो मराठीत आहे. फक्त तो विशेषण नसून नाम आहे. तो शब्द म्हणजे ‘रस’. मुशीत किंवा भट्टीत वितळून तयार झालेल्या धातूला आपण रस म्हणतो: लोखंडाचा रस, शिशाचा रस, तांब्याचा रस. रस तयार झाला, रसावरची मळी काढली, रस साच्यात ओतला, रस साच्यातच अडला आणि ओतीव अर्धवट राहिले, अशी ही भाषा आहे. तिच्यात ‘वितळलेला धातू’ हा शब्दप्रयोग क्वचितच येतो, कारण वितळणे ही पार पडलेली पायरी आहे आणि काम करणाऱ्याला ओतण्याची चिंता असते. रस म्हटला की तो तापलेला आहे, वाहतो आहे आणि वेळ घालवला तर गोठेल, हे सगळे आपोआप कळते. ‘मोल्टन’ या शब्दात इंग्रजी वाचकाला जे ऐकू येते, ते हेच आहे असे मला वाटते.

त्यामुळे विशेषणाला विशेषणच दिले पाहिजे हा आग्रह आपण सोडून द्यावा. ‘मोल्टन लेड’ याचे भाषांतर ‘वितळलेले शिसे’ असे करण्यापेक्षा ‘शिशाचा रस’ असे केले, तर ते मराठीच वाटते. एखादे कठोर बोलणे ऐकून कानात कोणी तापलेल्या शिशाचा रस ओतल्यासारखे वाटले, असे आपण म्हणतो, तिथेही ‘रस’ हाच शब्द सहज येतो.

या निमित्ताने एक सावधगिरी सुचवतो. इंग्रजीत सामान्य लेखक ‘मोल्टन’ लिहितो म्हणून त्या-त्या उद्योगातील लोकही तोच शब्द वापरतात असे समजू नये. पोलादाच्या कारखान्यात झोतभट्टीतून निघालेल्या द्रव लोखंडाला इंग्रजीत ‘हॉट मेटल’ म्हणतात आणि पोलादाला बहुधा ‘लिक्विड स्टील’. लेखमालेत ‘हॉट मेटल’ आले आणि आपण त्याचे ‘गरम धातू’ केले, तर वाचकाच्या डोळ्यांसमोर एखादी तापलेली कांब उभी राहील, प्रत्यक्षात मात्र तो १,५०० अंश सेल्सिअसच्या आसपासचा रस असतो. शुद्ध लोखंड १,५३८ अंशांना वितळते. झोतभट्टीतील लोखंडात कार्बन पुष्कळ असल्यामुळे ते त्याहून बरेच कमी तापमानालाही वाहते राहते.

सोन्याचे काम करणाऱ्यांचा शब्द आणखी वेगळा आहे. जुने दागिने वितळवून त्यांची लगड करणे याला ‘आटवणे’ म्हणतात आणि त्या कामाला ‘आटणी’. दूध आटवणे आणि सोने आटवणे यांत शब्द एक असला, तरी दुधात पाणी उडून जाते आणि सोन्यात घडण मोडते. इथे इंग्रजीत ‘मेल्ट डाउन’ येते, ‘मोल्टन’ येत नाही, कारण इथे भर अवस्थेवर नसून वस्तूचे रूप नाहीसे होण्यावर आहे.

प्रतिसाद ३

‘रस’ मला मान्य आहे, परंतु तो सगळीकडे चालेल असे वाटत नाही. मेणाचे काय करायचे? मधमाशांचे मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळते. इंग्रजीत त्याला ‘मेल्टेड वॅक्स’ आणि ‘मोल्टन वॅक्स’ असे दोन्ही म्हटलेले मी वाचले आहे. मग या दोन शब्दांमधील सीमारेषा नेमक्या किती अंशांवर आहे?

प्रतिसाद ४ (धागाकर्ता)

प्रतिसाद २ मधील सूचनेप्रमाणे मी काल रात्रीच चार-पाच परिच्छेद नव्याने लिहून पाहिले. ‘शिशाचा रस’, ‘काचेचा रस’ हे सहज बसले आणि वाक्ये आखूडही झाली. माझे मन अजून अडत आहे ते मिठापाशी. एका लेखात ‘मोल्टन सॉल्ट’ हा शब्द वीसएक वेळा आला आहे. ‘मिठाचा रस’ असे लिहिले, तर वाचकाला मिठाचे पाणी वाटेल, आणि ‘द्रवरूप मीठ’ असे लिहिले तरीही तोच गैरसमज होण्याचा धोका आहे. ‘विरघळलेले मीठ’ असे एका जुन्या भाषांतरात वाचले, ते तर मला सरळ चूकच वाटते. रसायनशास्त्र जाणणाऱ्या सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद ५

मी रसायनशास्त्र शिकवते. ‘विरघळणे’ आणि ‘वितळणे’ यांची गल्लत हा माझ्या दृष्टीने या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

बोलताना आपण बर्फ विरघळला असेही म्हणतो आणि बर्फ वितळला असेही म्हणतो, व त्याने काही बिघडत नाही. शास्त्रीय लेखनात मात्र हे दोन शब्द वेगळे ठेवावेच लागतात. वितळण्यासाठी फक्त उष्णता लागते आणि पदार्थ एकटाच असतो. विरघळण्यासाठी दुसरा पदार्थ, म्हणजे द्रावक, लागतो. पाण्यात टाकलेले मीठ साध्या तापमानाला विरघळते. तेच मीठ पाण्याशिवाय वितळवायचे असेल, तर ते ८०१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. पहिल्यापासून मिठाचे पाणी मिळते आणि दुसऱ्यापासून ‘मोल्टन सॉल्ट’, ज्यात पाण्याचा थेंबही नसतो.

हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात अटळपणे येतात असे उदाहरण ॲल्युमिनियमचे आहे. चार्ल्स मार्टिन हॉल आणि पॉल एरू यांनी १८८६ मध्ये एकमेकांपासून स्वतंत्रपणे शोधलेल्या पद्धतीनेच आजही हा धातू मिळवला जातो. ॲल्युमिना हे त्याचे ऑक्साइड २,००० अंशांहून अधिक तापमानाला वितळते, आणि एवढ्या तापमानाला मोठ्या प्रमाणावर काम करणे परवडत नाही. म्हणून क्रायोलाइट नावाचे खनिज वितळवतात आणि त्या रसात ॲल्युमिना विरघळवून ९५०-९६० अंशांच्या आसपास त्याचे विद्युत अपघटन करतात, म्हणजे वीज सोडून त्यातला धातू वेगळा काढतात. क्रायोलाइट वितळलेले आहे, ॲल्युमिना विरघळलेले आहे. भाषांतरकाराने दोन्हीकडे एकच शब्द लिहिला, तर त्या शोधाचे मर्मच वाचकाच्या हातून निसटते.

आता आपल्या मिठाकडे येते. ‘मोल्टन सॉल्ट’ हा शब्द बहुतेक वेळा सौर औष्णिक वीजकेंद्रांच्या संदर्भात येतो, आणि तिथले ‘सॉल्ट’ हे जेवणातले मीठ नसतेच. सामान्यतः ते ६० टक्के सोडियम नायट्रेट आणि ४० टक्के पोटॅशियम नायट्रेट यांचे मिश्रण असते. साधारण २९० अंशांच्या टाकीतून ते वर नेले जाते, आरशांनी एकवटलेल्या उन्हात सुमारे ५६५ अंशांपर्यंत तापते आणि दुसऱ्या टाकीत साठवले जाते, म्हणजे सूर्य मावळल्यावरही त्या उष्णतेतून वाफ करता येते. म्हणून ‘मीठ’ हा शब्दच टाळून ‘वितळलेले क्षार’ असे लिहावे. पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘पाणी न घालता केवळ उष्णतेने वितळवलेले’ एवढे एकदा स्पष्ट केले, तर पुढच्या एकोणीस ठिकाणी काही सांगावे लागणार नाही. अमेरिकेतील ओक रिज येथे १९६५ ते १९६९ या काळात चाललेल्या प्रायोगिक अणुभट्टीत फ्लुओराइड क्षार वापरले होते. ती भट्टीही ‘मोल्टन सॉल्ट’ याच नावाने ओळखली जाते, आणि तिथेही हाच शब्द चालेल.

प्रतिसाद ३ मधील प्रश्नाबद्दल सांगायचे, तर अंशांची अशी कोणतीही रेषा नाही. गंधक सुमारे ११५ अंशांनाच वितळते आणि तरीही ते ‘मोल्टन सल्फर’ असते. हर्मन फ्राश याने १८९४ मध्ये अतितप्त पाणी जमिनीखाली सोडून गंधक तिथेच वितळवून वर आणले, त्या वर्णनांतही हाच शब्द येतो. उलट सोडियम सुमारे ९८ अंशांना वितळते आणि अणुभट्टीत ते कितीतरी अधिक तापमानाला फिरत असते, पण त्याला ‘लिक्विड सोडियम’ म्हणण्याचाच प्रघात आहे. पारा तर कधीच ‘मोल्टन’ नसतो, कारण तो उणे ३९ अंशांपासूनच द्रव असतो आणि त्याला घन रूपात पाहण्याची कोणाला सवयच नाही. माझ्या मते निकष असा आहे: जो पदार्थ आपल्या मनात घन म्हणूनच ओळखीचा आहे आणि ज्याला द्रव करायला विस्तवासारखी प्रखर उष्णता लागते, त्याला ‘मोल्टन’ शोभते. हाताच्या उबेने किंवा खोलीतल्या हवेने जे वितळते, ते ‘मेल्टेड’. मेण या दोहोंच्या मध्ये पडते, म्हणून त्याला दोन्ही शब्द मिळाले आहेत.

ओघाने आठवले म्हणून लिहिते. जुन्या रसशास्त्रात, म्हणजे धातू-खनिजांपासून औषधे करण्याच्या विद्येत, ‘रस’ या शब्दाचा प्रमुख अर्थ पारा असा होता. न तापवता जो धातू रसरूप असतो त्यालाही ‘रस’ हे नाव असावे आणि प्रत्येक वितळलेल्या धातूलाही ते लागू पडावे, हे मला फार सुंदर वाटते.

प्रतिसाद ६

प्रतिसाद ५ बद्दल मनापासून आभार. माझ्या मेणाच्या प्रश्नाला मराठीतला एक शब्द मात्र अजून कोणी दिलेला नाही, तो म्हणजे ‘पाघळणे’. मेणबत्ती पाघळते, उन्हात ठेवलेले चॉकलेट पाघळते. पदार्थ मऊ पडतो, आकार सोडतो आणि ओघळू लागतो, हे सगळे त्यात येते. लोखंड मात्र कधी पाघळत नाही. म्हणजे सहज वितळणाऱ्या पदार्थांसाठी वेगळे क्रियापद मराठीने स्वतःहून राखलेले आहे. इंग्रजीने विशेषण दुभंगले, आपण क्रियापदे वाढवली.

प्रतिसाद ७

भूशास्त्राच्या बाजूने मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत, कारण मूळ लेखमालेत ज्वालामुखी आहेत असे धाग्यात म्हटले आहे.

‘मोल्टन रॉक’ यासाठी मराठीत ‘शिलारस’ हा उत्तम शब्द रुळलेला आहे आणि तो प्रतिसाद २ मधील मताला बळकटी देतो. जमिनीखाली असेपर्यंत शिलारस आणि पृष्ठभागावर आला की लाव्हा किंवा लाव्हारस, हा भेद भाषांतरात कटाक्षाने पाळावा. लाव्हाचे तापमान त्याच्या घटकांप्रमाणे साधारण ७०० ते १,२०० अंशांदरम्यान असते. मात्र शिलारस म्हणजे निव्वळ द्रव, असे समजू नये. त्यात आधीच गोठू लागलेले स्फटिक आणि विरघळलेले वायू असतात. इथेही ‘विरघळलेले’ हाच शब्द बरोबर आहे, हे प्रतिसाद ५ वाचल्यावर मुद्दाम नोंदवतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ‘मोल्टन’ या शब्दाच्या मोहात पडून अनेक लेखक पृथ्वीचे संपूर्ण अंतरंगच वितळलेले असल्याचे लिहून जातात. कवचाखालचे प्रावरण जवळजवळ सगळे घन खडकाचे आहे. ते अतिशय संथपणे सरकते, पण सरकणे म्हणजे द्रव असणे नव्हे. खऱ्या अर्थाने द्रव आहे तो बाह्य गाभा, सुमारे २,८९० किलोमीटरपासून ५,१५० किलोमीटर खोलीपर्यंतचा, मुख्यतः लोखंड आणि निकेल यांचा. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत आणि गाभ्यापाशी त्या अडतात. या आणि अशा पुराव्यांवरून हॅरल्ड जेफ्रीज यांनी १९२६ मध्ये गाभा द्रव असल्याचे मांडले, आणि त्याच्याही आत घन आंतरगाभा असल्याचे इंगे लेहमन यांनी १९३६ मध्ये दाखवले. म्हणून मूळ इंग्रजीत ‘मोल्टन मँटल’ असे आढळले, तर ते निष्ठेने भाषांतरित करण्याऐवजी संपादकाच्या नजरेस आणून द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. चुकीचे वाक्य मराठीत आले की ते पाठांतरात जाते आणि मग निघता निघत नाही.

प्रतिसाद ८

प्रतिसाद १ मध्ये जुन्या रूपांचा उल्लेख आला, त्याला जोडून ‘मोल्टन’चा आणखी एक अर्थ सांगणे आवश्यक वाटते, कारण तो ठाऊक नसेल तर जुने इंग्रजी वाचताना मोठा घोटाळा होतो.

१६११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलमध्ये निर्गमाच्या ३२व्या अध्यायात सोन्याच्या वासराला ‘मोल्टन काफ’ म्हटले आहे. ते वासरू वितळत नव्हते. धातू वितळवून आणि ओतून ते घडवले होते. त्याच भाषांतरात शलमोनाच्या मंदिरातील एका प्रचंड पात्राला ‘मोल्टन सी’ असे नाव आहे. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत दहा हात, उंची पाच हात, भोवतीचा घेर तीस हात आणि खाली आधाराला बारा बैल, असे त्याचे वर्णन येते. हे शब्द आजच्या अर्थाने वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तप्त धातूचा उसळता समुद्र उभा राहील. प्रत्यक्षात ते पाणी भरण्यासाठी ओतलेले पितळी किंवा काशाचे घन पात्र आहे.

या अर्थासाठी मराठीत ‘ओतीव’ याहून नेमका शब्द मिळणार नाही. त्या इंग्रजीत ‘ग्रेव्हन’ आणि ‘मोल्टन’ अशा दोन प्रकारच्या मूर्ती वेगळ्या सांगितल्या आहेत; आपल्याकडे त्या कोरीव आणि ओतीव अशा होतात. प्रतिसाद १ मधील ‘रॉट आयर्न’ आपण घडीव लोखंड म्हणतो आणि साच्यात ओतलेले ते ओतीव. कोरीव, ओतीव, घडीव हे तिन्ही शब्द क्रियेचे नाव घेतात, पण सांगतात ते क्रिया संपल्यावर हाती आलेल्या वस्तूबद्दल. जुन्या ‘मोल्टन’चा रोखही तिकडेच होता. इंग्रजीत तो अर्थ मागे पडला, कारण ‘कास्ट’ने ती जागा घेतली. म्हणजे ‘मोल्टन’चे एके काळी दोन अर्थ होते, साच्यात पडण्यापूर्वीचा आणि साच्यातून निघाल्यानंतरचा, आणि मराठीत त्या दोहोंना दोन स्वतंत्र शब्द आहेत: ‘रस’ आणि ‘ओतीव’.

प्रतिसाद ९

ललित लेखनातील वापराबद्दल थोडे लिहितो. इंग्रजी कथा-कादंबऱ्यांत ‘मोल्टन गोल्ड’ हे मावळतीच्या प्रकाशाला आणि ‘मोल्टन’ हे एकटे विशेषण रागाला किंवा नजरेला लावलेले सर्रास आढळते. तिथे ‘वितळलेला राग’ असे केले, तर अर्थ नेमका उलटा होतो, कारण मराठीत राग वितळला म्हणजे तो ओसरला. मनाच्या बाबतीत आपण ‘द्रवणे’ आणि ‘विरघळणे’ ही क्रियापदे वापरतो आणि दोन्हींत कठोरपणा जाऊन मृदुता येते. ‘मोल्टन अँगर’मधील राग शमलेला नसतो, तो धगधगत असतो आणि कोणत्याही क्षणी बाहेर पडेल असा असतो. अशा ठिकाणी लाव्हारसाची उपमा घ्यावी, किंवा सरळ ‘धुमसता’, ‘खदखदता’ यांपैकी एक शब्द निवडावा. ‘खदखदणे’ मला विशेष योग्य वाटते, कारण त्यात उष्णता आणि द्रवपणा दोन्ही आहेत.

प्रतिसाद १० (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एका विशेषणाचा प्रश्न घेऊन आलो होतो. विशेषणाला विशेषण शोधत बसलो होतो म्हणूनच वाट सापडत नव्हती, हे आता स्पष्ट झाले आहे.

ज्या दोन वाक्यांपासून सुरुवात झाली, ती मी आता अशी लिहिली आहेत. आगीच्या प्रसंगात: ‘राखेत खिडक्यांची काच वितळून थिजलेल्या गोळ्यांच्या रूपात पडली होती.’ इथे ‘थिजलेल्या’ हा शब्द मी पदरचा घातला आहे, कारण मराठीतील ‘वितळलेली’ काच अजून वाहते आहे की नाही, हे त्या शब्दावरून कळत नाही, आणि मूळ इंग्रजी वाचकाला ते कळत होते. कारखान्याच्या प्रसंगात: ‘भट्टीतून निघालेला काचेचा रस कथिलाच्या रसावर पसरत पुढे सरकतो.’ हा भाग ॲलिस्टर पिल्किंग्टन यांनी १९५०च्या दशकात विकसित केलेल्या सपाट काचेच्या पद्धतीबद्दल आहे. काच सुमारे १,१०० अंशांना कथिलावर येते आणि ६०० अंशांच्या आसपास घट्ट होऊन उचलली जाते. कथील मात्र २३२ अंशांपर्यंत द्रवच राहत असल्यामुळे खालचा रस रसच राहतो आणि वरचा रस काच होतो. ‘वितळलेली काच वितळलेल्या कथिलावर’ असे मी आधी लिहिले होते, त्यात यांतील कोणती गोष्ट थिजणार आणि कोणती नाही, याची चाहूलही लागत नव्हती.

क्षारांच्या लेखात प्रतिसाद ५ प्रमाणे ‘वितळलेले क्षार’ कायम केले आहे. प्रावरणाविषयीचे एक वाक्य खरोखरच शंकास्पद निघाले आणि ते मी संपादकांकडे पाठवले आहे. मेणाच्या साच्यांविषयीचा एक परिच्छेद तेवढा उरला होता. तिथे मूळ लेखकाने सुरुवातीला ‘मेल्टेड’ आणि पुढे ‘मोल्टन’ असे दोन्ही शब्द वापरले आहेत. साच्याभोवती लिंपलेली माती तापवल्यावर आतले मेण आधी पाघळते आणि मग खालच्या भोकातून ते बाहेर वाहून जाते, तेव्हा तिथे धातूचा रस ओतण्याजोगी पोकळी तयार होते. पहिल्या ठिकाणी मी ‘पाघळलेले मेण’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘वाहते मेण’ असे लिहिले आहे. ‘रस’ हा शब्द धातूसाठी राखून ठेवला आहे.